एक्सेलमधल्या माझ्या सहा लाडक्या गोष्टी आणि बाबांचा ताळा

प्रोग्रामर लोकांत बसून एक्सेलचं कौतुक करणं म्हणजे शास्त्रीय संगीताच्या बैठकीत ऑर्केस्ट्राची तारीफ करण्यासारखं आहे. कुणी भांडत नाही, पण सगळे जरा समजुतीचं हसतात. आमच्या हापिसात पायथन चालतं, एसक्यूएल चालतं, पण "हे मी एक्सेलमध्ये केलंय" म्हटलं की समोरच्याचा चेहरा 'असू दे, शिकशील हळूहळू' असा होतो. गंमत म्हणजे हाच माणूस पगारवाढीचं पत्र आलं की हातात नक्की किती पडणार ते बघायला एक्सेलच उघडतो. लग्नाच्या पाहुण्यांची यादी, फ्लॅटचे पर्याय, गोव्याच्या ट्रिपमध्ये कोणी कोणाला किती द्यायचे... सगळं तिथेच.

तर या विकांताला म्हटलं, आपण उघडपणे कौतुक करूनच टाकू. एक्सेलमध्ये शेकडो फंक्शन्स आहेत. त्यातल्या ज्या सोयी मी रोज वापरतो त्या सगळ्या काही लाडक्या नाहीत. लाडकं कोण हे ठरवायला माझं एकच माप आहे, आणि ते मला कॉलेजात नाही, घरी मिळालं.

बाबा साताऱ्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होते. उभा जन्म कीर्द-खतावणीत गेला. लहानपणी मी गुणाकार करून वही दाखवली की ते उत्तर बघायचेच नाहीत. विचारायचे, "ताळा केलास?" ताळा म्हणजे काय ते नवीन पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. ३४ गुणिले २३ बरोबर ७८२. आता ३ आणि ४ सात, २ आणि ३ पाच, सात पंचे ३५, ३ आणि ५ आठ. उत्तराचे अंक ७, ८, २ मिळून १७, म्हणजे १ आणि ७ आठ. आठाला आठ जुळले, ताळा जुळला. (ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, पण नाही जुळला तर नक्की चूक.) बाबांचं म्हणणं असं, की उत्तर काढणं हे अर्धंच काम. ते दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे, हे उरलेलं अर्धं.

माझं माप ते हेच. जी सोय माझा हिशोब दुसऱ्या माणसाला तपासू देते ती लाडकी. जी नुसतं उत्तर पटकन देते ती कामाची, पण लाडकी नाही.

तसं पाहिलं तर स्प्रेडशीटचा जन्मच खोडाखोडीतून झालाय. १९७८ च्या सुमारास डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत, आणि एखादा आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहीत. ब्रिकलिनला वाटलं की फळ्यानेच हे आपोआप का करू नये? त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर व्हिजिकॅल्क केलं, ते १९७९ मध्ये अ‍ॅपल २ संगणकावर आलं. त्यात ओळी २५४ आणि कॉलम ६३. आजच्या एक्सेलमध्ये ओळी १०,४८,५७६ आणि कॉलम १६,३८४ आहेत. पण मूळ कल्पना तीच, की आकडा एका जागी बदला आणि बाकीचं तो फळा बघून घेईल.

असो. आता यादी.

१. सातबाऱ्याचा अपॉस्ट्रॉफी

सोप्यापासून सुरुवात करू. एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये ७/१२ असं टंकून बघा. लगेच त्याची ७ डिसेंबर ही तारीख होते (संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै!). आपल्या शेतकऱ्याचा सातबारा एक्सेलच्या दृष्टीने कॅलेंडरचं एक पान आहे. गट नंबर ३/४, फ्लॅट नंबर २-५, सगळ्यांची हीच गत. उपाय म्हणजे आधी एक अपॉस्ट्रॉफी टंकायचा, किंवा आख्ख्या कॉलमला आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचं. १६ आकडी नंबर असेल तर हे करायलाच हवं, कारण एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूकता ठेवतं. सोळाव्या आकड्याचं शून्य होतं आणि तेही न सांगता.

हा त्रास फक्त आपल्याला नाही. मार्च१, सेप्ट१ अशी माणसाच्या काही जनुकांची नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी नावंच बदलली. मार्च१ चं मार्चएफ१ झालं. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय २०२३ मध्ये आली. विज्ञान आधी नमलं, मग सॉफ्टवेअर!

याच खात्यात अजून एक. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये इंडिया निवडा. १,२३४,५६७ चे १२,३४,५६७ होतात. तुम्ही म्हणाल यात काय मोठंसं. पण आकडा वाचणाऱ्याला तो एका नजरेत 'बारा लाख' असा दिसला नाही तर तो तपासणार काय कप्पाळ? 'अक्षरी रुपये' मात्र तयार मिळत नाहीत, त्याला मॅक्रो लिहावा लागतो. थाई भाषेत रक्कम अक्षरी लिहिणारं बाथटेक्स्ट नावाचं फंक्शन एक्सेलमध्ये आहे, आपल्या रुपयासाठी नाही.

२. एफ४

फॉर्म्युला टंकताना एखाद्या सेलच्या नावावर कर्सर ठेवून एफ४ दाबा (लॅपटॉपवर बऱ्याचदा बरोबर एफएन पण लागते). बी२ चं डॉलर बी डॉलर २ होतं. म्हणजे आता फॉर्म्युला कुठेही कॉपी केला तरी बी२ हलणार नाही. पुन्हा दाबा, फक्त ओळ पक्की. पुन्हा दाबा, फक्त कॉलम पक्का. व्हिजिकॅल्कमध्ये फॉर्म्युला कॉपी करताना प्रत्येक संदर्भासाठी हा प्रश्न वेगळा विचारला जायचा, हलवू का पक्का ठेवू? आता ते उत्तर फॉर्म्युल्यातच लिहिलेलं असतं आणि कुणालाही दिसतं.

एफ४ मुळे एक चांगली सवय लागते. व्याजदर, कर्जाची रक्कम, कराचा टक्का असे आकडे शीटच्या माथ्यावर एकेका सेलमध्ये ठेवायचे आणि बाकी सगळीकडून तिकडे बोट दाखवायचं. ज्या शीटमध्ये २४० ओळींत २४० वेळा ०.०८५ लिहिलेलं असतं ते शीट मला जत्रेत हरवलेल्या पोरासारखं वाटतं. कुणाचं आहे, कुठून आलं, काही कळत नाही.

३. कंट्रोल टी

आकड्यांच्या यादीत उभं राहून कंट्रोल आणि टी दाबलं की त्या यादीचं 'टेबल' होतं. पट्ट्यापट्ट्यांचे रंग येतात, पण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की खाली नवीन ओळ भरली की टेबल आपोआप वाढतं आणि बेरीज-सरासरीही वाढलेल्या यादीची होते. शिवाय फॉर्म्युल्यात सी२ ते सी३७ असं न दिसता 'खर्च[रक्कम]' असं चक्क माणसाला वाचता येईल असं नाव येतं.

हे किती मोलाचं आहे यासाठी एक जगप्रसिद्ध उदाहरण. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा वेग एकदम घसरतो, असा त्याचा सूर होता. सरकारी खर्च कापावा म्हणणाऱ्यांनी तो पुढे भरपूर वापरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांचं मूळ शीट मागवून घेतलं. सरासरीच्या सेलवर गेला तर यादी होती ओळ ३० ते ४९ आणि सरासरी घेतली होती ३० ते ४४ ची. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेरच राहिले होते! त्या निबंधावरचा वाद फक्त एवढ्यापुरता नव्हता, आकडेवारी कशी निवडली आणि कुणाला किती वजन दिलं यावर जास्त होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा सेल.

यावरून लोक म्हणतात, बघा, एक्सेल किती बेभरवशाचं. मला उलट वाटतं. त्या दोघांनी शीट दिलं म्हणून एका विद्यार्थ्याला त्या सेलवर टिचकी मारून चूक बघता आली. नुसता छापील तक्ता असता तर?

४. पिव्हट आणि त्यावरची डबल क्लिक

पिव्हट टेबल एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे, पाचव्या आवृत्तीपासून. लांबलचक यादी घ्यायची आणि माऊसने ओढून महिने उभे, खर्चाचे प्रकार आडवे असा तक्ता करायचा. हे बहुतेकांना माहीत असतं. पण तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यावर डबल क्लिक केलं तर तो आकडा ज्या ओळींमधून आला तेवढ्याच ओळी नव्या शीटवर उघडतात, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत टँकरच्या खर्चावरून धुसफूस चालू होती. खजिनदार काका सत्तरीचे, मानी स्वभावाचे. "इतके पैसे टँकरवर?" असं कुणीतरी जरा खालच्या सुरात विचारलं आणि काकांचा चेहरा उतरला. वर्षाच्या खर्चाची यादी एक्सेलमध्ये होतीच. प्रोजेक्टरवर पिव्हट लावला. एप्रिल आणि मे सोडले तर टँकरचे आकडे किरकोळ होते. मेच्या आकड्यावर डबल क्लिक केलं. तारीखवार सगळ्या नोंदी समोर आल्या, प्रत्येक टँकर, प्रत्येक पावतीचा नंबर. सभागृहात अर्धा मिनिट शांतता. मग विचारणारे गृहस्थच म्हणाले, "मेमध्ये बोअर आटलं होतं नाही का!" काकांना कुणाला सफाई द्यावी लागली नाही. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला हळूच विचारलं, "ते टिकटिक दोनदा कुठे करायचं रे?"

बेरीज दाखवणारी साधनं खूप आहेत. बेरजेच्या पोटातलं दाखवणारं साधन माणसाची अब्रू वाचवतं.

(जाता जाता, यादीत व्हीलुकअप का नाही, असं मनात आलं असेल तर उत्तर माझ्या मापातच आहे. त्यात 'तिसरा कॉलम आण' असं नुसतं ३ लिहावं लागतं. मध्ये कुणी एक कॉलम घातला की ते ३ तसंच राहतं आणि भलताच आकडा निमूटपणे येतो. वाचणाऱ्याला त्या ३ चा अर्थही लागत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एक्सलुकअपमध्ये हे दोष नाहीत. तुमच्याकडे असेल तर तोच वापरा.)

५. गोल सीक

आता जिथे खरोखर काहीतरी पणाला लागलं होतं तिथे येतो.

मी आणि बायकोने पुण्यात टू बीएचके घेतला. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं, व्याज ८.५ टक्के फ्लोटिंग. एक्सेलमधल्या पीएमटी फंक्शनला तीन गोष्टी सांगितल्या की हप्ता मिळतो, ३४,७१३ रुपये. २४० हप्त्यांचे होतात ८३ लाख ३१ हजार. म्हणजे ४० लाखांवर ४३ लाखांच्या वर व्याज. हा आकडा मी फोनवर सहज बोलून गेलो आणि बाबांची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "माझे आठ लाख पडलेत, ते भरून टाक." पडलेत म्हणजे काय, तर निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातली ती एफडी. कारखान्याची नोकरी, त्यामुळे पेन्शन नावापुरतं. त्या एफडीचं व्याज दर तीन महिन्यांनी येतं, त्यातून औषधं आणि आईच्या गुडघ्याचं बघतात. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मग ठेवलेत कशासाठी?" मी पुन्हा नको म्हणालो. असे दोन महिने गेले. आपल्याकडे पैशाच्या गोष्टी अशाच चालतात. ते मायेने बोलतात, आपण संकोचाने बोलतो, आणि आकड्यावर कुणीच बोलत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर बसलो. माथ्यावर चार सेल: रक्कम, दर, वर्षं, हप्ता. खाली महिन्यागणिक ओळी: व्याज, मुद्दल, शिल्लक. आधी त्यांचं म्हणणं मांडलं. सुरुवातीलाच ८ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज १५० महिन्यांत, म्हणजे साडेबारा वर्षांत संपतं. व्याज २० लाखांच्या आसपास. बाबा विजयी मुद्रेने बघायला लागले.

मग गोल सीक. नेहमी आपण आकडे देतो आणि उत्तर मागतो. गोल सीकमध्ये उलट, उत्तर सांगायचं आणि ते येण्यासाठी कुठला आकडा काय हवा ते विचारायचं. डेटा मेनूत 'व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस'मध्ये आहे. (लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये टूल्स मेनूत मिळेल, गुगल शीट्समध्ये अ‍ॅड-ऑन घालावं लागतं.) मी विचारलं, बाबांचे ८ लाख न घेता १५० व्या महिन्याच्या शेवटी शिल्लक शून्य हवी, हप्ता किती? उत्तर आलं ४३,३८२. म्हणजे महिन्याला ८,६६९ रुपये जास्त. आत्ताच्या पगारात ते जड होतं.

दुसरा प्रश्न. हप्ता आत्ता आहे तेवढाच, पण दरवर्षी थोडा वाढवत नेला तर? किती टक्के वाढवला म्हणजे साडेबारा वर्षांत संपेल? उत्तर आलं पाचापेक्षा थोडं कमी. सरळ ५ टक्के धरले तर कर्ज १४७ महिन्यांत, म्हणजे १२ वर्षं ३ महिन्यांत संपतं. दुसऱ्या वर्षी हप्ता ३६,४४९, म्हणजे महिन्याला सतराशे-साडेसतराशेच जास्त. बाबांच्या आठ लाखांना हात न लावता, आठ लाख भरल्यापेक्षा तीन महिने आधी! (हप्ता वाढवून मिळत नसेल तर फरकाची रक्कम मधूनमधून वेगळी भरता येते. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे.)

६. एफ२

मला वाटलं होतं की बाबा आता हो म्हणतील. ते म्हणाले, "वही आण."

पहिल्या ओळीचं व्याज त्यांनी हाताने काढलं. ४० लाख गुणिले साडेआठ भागिले बाराशे, २८,३३३. मुद्दल ६,३८०. शिल्लक ३९,९३,६२०. दुसऱ्या महिन्याचं व्याज २८,२८८. जुळलं. तिसरी ओळ जुळली. मग विचारलं, "पुढच्या ओळींतही हाच हिशोब आहे कशावरून?"

इथे एफ२ कामाला आली. सेलवर उभं राहून एफ२ दाबली की फॉर्म्युला उघडतो आणि तो ज्या ज्या सेलमधून आकडे घेतो त्या प्रत्येकाभोवती वेगवेगळ्या रंगाची चौकट येते. निळा दर वर माथ्यावर, लाल शिल्लक आधीच्या ओळीत. बाबांना फॉर्म्युल्याची इंग्रजी नावं कळत नव्हती, पण रंग कळत होते. ते मधलीच कुठलीतरी ओळ निवडायचे, ८७ वी, ११३ वी, आणि एफ२ दाबायचे. "निळं वरच, लाल आधीच्याच ओळीत. बरोबर." मग मी त्यांना कंट्रोल आणि टॅबच्या वरची कळ दाबून दाखवली. सगळ्या शीटमधले आकडे जाऊन त्या जागी फॉर्म्युलेच दिसतात. वरपासून खालपर्यंत एकच घडण. अधेमधे कुणी हाताने आकडा घुसडला असेल तर तो इथे उघडा पडतो. बाबा म्हणाले, "ऑडिटरला हे मिळालं असतं तर चार रात्री वाचल्या असत्या."

आणि मग त्यांनी जे करायला हवं तेच केलं, माझ्या हिशोबाला आक्षेप घेतला. "तुझ्या पद्धतीने व्याज किती जातं?" २७ लाख ७० हजार. "आणि माझ्या पद्धतीने वीस. साडेसात लाखांचा खड्डा आहे हा." खरंच होता. मग त्यांनीच सुचवलं की एफडीचं व्याजही धरायला पाहिजे. त्यांनी ७ टक्के धरले, वर्षाला ५६ हजार, सव्वाबारा वर्षांत ६ लाख ८६ हजार. फरक उरला ऐंशी हजारांच्या आसपास. "म्हणजे जवळजवळ फिट्टंफाट," बाबा म्हणाले, "आणि मुद्दल माझ्याच नावावर राहतं."

शेवटचा आक्षेप सगळ्यात खरा होता. "तेराव्या वर्षी हप्ता ६२ हजार होतो. तुमच्या आयटीत दरवर्षी पगार वाढेलच असं कोणी लिहून दिलंय?" नाही दिलं. मी वाढीच्या कॉलममध्ये सहाव्या वर्षापासून शून्य टाकलं. पाच वर्षांनी वाढ थांबली तरी कर्ज साडेचौदा वर्षांत संपत होतं. वीस वर्षांची भीती साडेचौदावर आली. बाबा जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग आत बघून आईला म्हणाले, "एफडी मोडायची नाही. राहू दे."

मी दोन महिने जे 'नको बाबा, नको' करत होतो त्यातल्या एकाही वाक्याने हे झालं नसतं. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण स्वतः ताळा केल्याशिवाय निर्णय घ्यायची त्यांना सवयच नाही. शीटने त्यांना ते करू दिलं. हेच मी पायथनमध्ये लिहिलं असतं तर कोड वीस ओळींचा आणि फार सुबक झाला असता. पण बाबांना मग माझ्यावर विश्वास ठेवणं किंवा न ठेवणं एवढंच करता आलं असतं.

जिथे एक्सेल नको

कौतुक पुरे, आता पथ्य. इंग्लंडमध्ये कोविडच्या काळात सार्वजनिक आरोग्य खात्याने प्रयोगशाळांचे निकाल जुन्या एक्सएलएस फाइलींमध्ये घेतले. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ च ओळी मावतात. जास्तीच्या ओळी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. एक्सेल हा बघायचा-तपासायचा फळा आहे, कोठार नाही. लाखो नोंदी साठवायच्या, दहा लोकांनी एकाच वेळी भरायच्या, त्यावर कुणाचा जीव अवलंबून, तर तिथे डेटाबेसच हवा. हापिसातल्या हसणाऱ्या मंडळींचं तेवढं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण जो हिशोब एका माणसाने मांडायचा आणि दुसऱ्याने समजून घ्यायचा, तिथे याला तोड नाही. म्हणून शीट कुणाला पाठवायच्या आधी मी तीन गोष्टी बघतो. बदलता येणारे सगळे आकडे माथ्यावर, एकेकाच जागी आहेत ना? कुठल्याही सेलवर एफ२ दाबलं तर रंगांवरून कळतं ना? आणि फॉर्म्युले उघडून पाहिले तर मध्येच कुठे हाताने घुसडलेला आकडा नाही ना? तीन मिनिटांचं काम आहे.

ते शीट बाबांकडे अजून आहे. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत फेब्रुवारी, एप्रिल आणि जून असा तीनदा रेपो दर खाली आला, सगळा मिळून एक टक्का. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "वरच्या निळ्या सेलमध्ये साडेआठचे साडेसात केले, खालचं सगळं हललं. हप्ता कमी करून घेऊ नका, आहे तेवढाच भरा. मुदत कमी होतेय." मग जरा थांबून म्हणाले, "मी केलंय ते एकदा तू पण तपासून बघ."